युरोपातली ख्रिसमस मार्केट्स कमी खर्चात, पण २५ तारखेच्या आधी जा

मुक्ता_पुणे

ऑक्टोबर आला की मला मैत्रिणींचे नाहीतर ऑफिसातल्यांचे फोन सुरू होतात, नाताळच्या सुट्टीत युरोपला निघालोय, ती लाकडी दुकानांची मार्केट्स बघायचीत, कुठे कुठे जाऊ. मी आधी एकच विचारते, तिकिटं कोणत्या तारखेची? उत्तर ठरलेलं, २३ ला निघतोय, १ ला परत. आणि मला कसंतरीच होतं, कारण हेच आम्ही २०२२ मध्ये केलं होतं. नवरा आणि मी २६ डिसेंबरला जर्मनीतल्या न्यूरेनबर्गला पोचलो, स्टेशनवरून सरळ हाउप्टमार्क्टच्या चौकात गेलो तर तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड उतरवून ठेवलेलं, माणसं फळ्या ट्रकमध्ये चढवतायत, आणि दगडी फरशीवर नुसता भुस्सा पडलेला. ज्याने आमचं बुकिंग केलं त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की हा बाजार २४ ला दुपारी बंद होतो. मी त्या चौकात उभी राहून रडले, खरंच सांगते.

म्हणून हा धागा काढतेय, कोणाचं तरी असं होऊ नये.

मुळात हा बाजार नाताळचा नाहीच, नाताळच्या वाट बघण्याचा आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट, त्या काळात हे बाजार भरतात. आपण लक्ष्मीपूजनाच्या रात्री लक्ष्मी रोडला खरेदीला जातो का? आकाशकंदील, पणत्या, किल्ल्यावरचे मावळे सगळं आधी, तसंच हे. जर्मनीत बहुतेक बाजार २३ किंवा २४ ला संपतात, २५-२६ ला दुकानंसुद्धा बंद. न्यूरेनबर्गचा पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतो, संध्याकाळी साडेपाचला फ्राउएनकिर्खं चर्चच्या सज्जातून सोनेरी केसांची क्रिस्टकिंड, म्हणजे देवदूताच्या वेशातली मुलगी, येऊन उद्घाटन करते. ही मुलगी गावातलीच असते, दोन वर्षांसाठी निवडतात.

आणि आधी जाण्यात पैसेही वाचतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. २०२४ ला आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि माझी आई. ३० नोव्हेंबर ते १० डिसेंबर. मुंबई-म्युनिक एका थांब्याचं तिकीट ऑगस्टमध्ये काढलं, माणशी ५८ हजार. तेच मी २२ डिसेंबरचं बघितलं तर ८९ हजार दाखवत होतं. राहायचंही तसंच, शुक्रवार-शनिवारी भाव चढतात, सोमवार ते गुरुवार उतरतात.

राहिलो कुठे तर फ्युर्थला. न्यूरेनबर्गला चिकटूनच आहे, जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ मध्ये ह्याच दोन गावांमध्ये धावली. आता यू१ मेट्रोने पंधरा-वीस मिनिटांत मार्केटच्या तोंडाशी, लोरेन्झकिर्खंला उतरायचं. तिघांसाठी छोटा फ्लॅट ८५ युरो रात्र, किचन असलेला, आठ रात्री तिथे आणि येता-जाता एकेक रात्र म्युनिकला, तिथे मात्र १३० पडले. सकाळचा चहा-पोहे घरी, पोह्याची पिशवी पुण्याहूनच नेली होती. दुपारचं सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज-फळं, आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे मार्केट.

फिरायला डॉइचलांड-टिकेट. अख्ख्या देशातल्या सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम, मेट्रो महिनाभर, फक्त वेगवान आयसीई-आयसी गाड्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा ४९ युरो, २०२५ ला ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे कॅलेंडरच्या महिन्याला लागू असतं, म्हणून आम्ही ३० नोव्हेंबरला म्युनिकलाच थांबलो आणि १ तारखेला सकाळी निघालो. दुसरं म्हणजे ते वर्गणीसारखं आपोआप पुढच्या महिन्यात जातं, १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं. मी १ लाच केलं, विषय संपला.

त्या एका तिकिटावर न्यूरेनबर्ग रोज, शिवाय बामबर्ग, रेगेन्सबुर्ग, रोटेनबुर्ग. एकूण हिशोब माणशी हजारांत सांगते, विमान ५८, व्हिसा आणि त्यांचा सर्व्हिस चार्ज साडेदहा, विमा दीड, राहणं २८, रेल्वे साडेचार, खाणं-पिणं-खरेदी साडेबावीस. माणशी सव्वा लाख. हे स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही, पण पॅकेजवाले त्याच दहा दिवसांचे दोन-सव्वादोन सांगत होते.

विचारा काय विचारायचं ते.

---

डोंबिवलीकर_इन_स्टुटगार्ट

मुक्ताताई, अगदी काळजाला हात घातलात. मी इथे नऊ वर्षं राहतोय आणि दर डिसेंबरला २६-२७ ला कोणीतरी नातेवाईक येऊन विचारतंच, चल मार्केटला. कुठून दाखवू?

थोडी भर घालतो. पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीचा रविवार म्हणजे टोटनसोनटाग, मृतांच्या स्मरणाचा दिवस, काही बाजार त्याच्या आधी सुरू झालेले असले तरी त्या दिवशी बरेच बंद असतात, तेव्हा नोव्हेंबरच्या त्या वीकेंडला येऊ नका. आणि शनिवार संध्याकाळ टाळाच. नुसती गर्दी नाही हो, ढकलाढकली, दुकानात काय मांडलंय ते दिसतच नाही, आम्ही इथले लोक सोमवार ते बुधवार ऑफिस सुटल्यावर जातो. सव्वाचार-साडेचारला अंधार पडतो, तेव्हा पाचला पोचलात तरी दिवे पूर्ण दिसतात.

आमच्या स्टुटगार्टच्या बाजारात स्टॉलची छपरं सजवायची परंपरा आहे, खाली बघण्याइतकंच वर बघा. आणि इथून लोकलने पंधरा मिनिटांवर एस्लिंगेन, तिथे मध्ययुगीन बाजार भरतो, लोहार भट्टी पेटवून बसतो, दुकानदार जुन्या वेशात. तेही त्याच तिकिटात.

कपाचं सांगितलं नाहीत तुम्ही. ग्लूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, मागितली की किमतीवर कपाचं डिपॉझिट लावतात, फांड म्हणतात त्याला, कुठे ३ युरो कुठे ५. नवीन माणसाला वाटतं वाइन ९ युरोची आहे. कप परत केला की पैसे परत. आणि नाही केला तर कप तुमचा, त्यावर गावाचं नाव आणि बहुतेकदा वर्ष असतं, याहून स्वस्त आठवण दुसरी नाही.

---

खवय्या_सातारा

ताई धागा मस्त, वाचनखूण साठवली. आमच्या घरी दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथे सगळीकडे सॉसेजच दिसतात फोटोत. उपाशी राहायची वेळ येईल का?

---

मुक्ता_पुणे

@डोंबिवलीकर, हो ना, कपाचं राहिलंच. आईने एक कप ठेवून घेतला, आता त्यात देवघरातल्या फुलवाती ठेवते.

@खवय्या, आई माझी शाकाहारीच, अंडं चालतं केकमधलं वगैरे. तिचीच गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात एक गाडा होता कार्टोफेलपुफरचा, म्हणजे किसलेला बटाटा आणि कांदा, गोल पसरून तेलात तळलेला. एक पांढऱ्या मिशांचे आजोबा भल्यामोठ्या काळ्या तव्यावर डावाने पीठ टाकत होते, डावाच्या पाठीने गोल फिरवून पसरायचे, अगदी आपण आंबोळी पसरतो तसं. आई रांगेत उभी राहून टक लावून बघत होती. मला म्हणाली, पहिला घाणा त्यांनी बाजूला ठेवला बघ, तेल नीट तापलं नव्हतं. आणि खरंच, ते तीन त्यांनी कोणाला दिले नाहीत. आमचे आले ते कडेने जाळीसारखे कुरकुरीत, मधे मऊ, आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. आई म्हणाली, हा तर बटाट्याच्या किसाचा थोरला भाऊ. चार दिवस रोज तेच खाल्लं तिने. ती पैसे द्यायला गेली की ते आजोबा तिला मान झुकवून नमस्कार करायचे.

पण पिठात बहुतेक अंडं असतं, तेव्हा तुम्हाला विचारूनच घ्यावं लागेल, "ओने आय" म्हणजे अंड्याशिवाय, "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय. बिनधास्त खाता येईल असं म्हणजे भाजलेले चेस्टनट, साखरेत परतलेले बदाम (त्या वासानेच निम्मा बाजार कळतो), उकडलेला मका, फ्रेंच फ्राइज. मश्रूम मोठ्या परातीत परततात, वरचा लसणीचा सॉस नको म्हणा, आणि आत बेकनचे तुकडे टाकलेले नाहीत ना ते बघून घ्या. फ्लामकुखन म्हणजे पातळ भाकरीसारख्या पोळीवर क्रीम-कांदा, त्यावर मात्र बेकन असतंच, "ओने श्पेक" म्हणायचं. केझश्पेट्झलं म्हणजे चीजमधल्या शेवया, पण त्यात अंडं. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा, गरम फळांचा रस, दालचिनी-लवंग घातलेला, आई तोच प्यायची.

---

प्रवासी_नाशिक

व्हिसाचं जरा सविस्तर सांगा ना प्लीज, पहिल्यांदाच जातोय, ४ जण, दोन मुलं ८ आणि ५ वर्षांची.

---

मुक्ता_पुणे

मोठ्यांना ९० युरो (जून २०२४ पासून, आधी ८० होते), ६ ते १२ वयाला ४५, सहाच्या आतल्याला फी नाही. म्हणजे तुमच्या धाकट्याची फी वाचली. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवास विमा कमीत कमी ३० हजार युरोचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. इथे लोक चुकतात, एका देशाची अपॉइंटमेंट पटकन मिळते म्हणून तिकडे अर्ज करतात आणि बुकिंग दुसरीकडची दाखवतात. तसं करू नका. डिसेंबरच्या प्रवासासाठी अपॉइंटमेंट ऑगस्ट-सप्टेंबरलाच घ्या, दिवाळीनंतर जागे झालात तर फार धावपळ.

मुलांना न्यूरेनबर्गच न्या. हान्स-साख्स चौकात मुलांचा वेगळा बाजार भरतो, जुन्या पद्धतीचं गोल फिरणारं घोड्यांचं चक्र आहे. आणि दुपारी बाराला फ्राउएनकिर्खंच्या घड्याळातून सात बाहुले निघून राजाभोवती फेऱ्या मारतात, ते फुकट आहे आणि मुलं हरखून जातात. तुमच्या चौघांना डॉइचलांड-टिकेटपेक्षा बायर्न-टिकेट परवडेल का तेही बघा. बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्य, न्यूरेनबर्ग त्यातच येतं, तिथल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट असतं, पाच जणांपर्यंत एकावर चालतं, साल्झबुर्गपर्यंतही जाता येतं. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतरच चालतं. दोन-तीनच दिवस गावाबाहेर जाणार असाल तर तेच बरं.

---

घुमक्कड_७७

माझं मत थोडं वेगळं आहे. जर्मनी कशाला, प्राग-बुडापेस्ट करा, निम्म्यात होतं. आणि प्रागचं मार्केट ६ जानेवारीपर्यंत असतं त्यामुळे सुट्टीही घ्यावी लागत नाही.

---

डोंबिवलीकर_इन_स्टुटगार्ट

@घुमक्कड, तारखांचं बरोबर आहे पण निम्म्यात हे आता राहिलं नाही. प्रागच्या जुन्या चौकात भाजलेलं हॅम १०० ग्रॅमच्या भावाने लिहिलेलं असतं, पाटीवरचा आकडा बघून लोक मागतात, तो माणूस भला मोठा तुकडा कापतो आणि बिल चौपट येतं. वजन आधी सांगायचं. त्या चौकात बघा जरूर, पण खा दोन गल्ल्या सोडून. आणि ते ट्रडेलनिक म्हणून गोल भाजलेलं विकतात ती तिथली जुनी परंपरा वगैरे नाही, गेल्या काही वर्षांत पर्यटकांमुळे पसरलंय.

खरंच खर्च कमी हवा असेल तर पोलंडमधलं व्रोत्सवाफ. राहणं-खाणं दोन्ही कमी, बाजार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि गावभर छोटे ब्राँझचे बुटके बसवलेत ते शोधत फिरायचं.

---

मुक्ता_पुणे

@घुमक्कड, ज्यांना सुट्टी २५ नंतरच मिळते त्यांच्यासाठी तुमचा मुद्दा अगदी मोलाचा आहे, शाळांमुळे अनेकांचा नाइलाज असतो. तेव्हा प्राग, व्रोत्सवाफ, व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्यासमोरचं, फ्रान्समध्ये कोलमार, बर्लिनमधली काही, ही नाताळनंतरही काही दिवस असतात. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, तिकीट काढायच्या आधी त्या गावाच्या साइटवर बघा, कोणाच्या ब्लॉगवर नको.

पण मनापासून सांगू का, ज्याला शक्य आहे त्याने रजा टाकून आधीच जावं. नंतरचा बाजार हा पर्यटकांचा असतो. आधीच्या बाजारात तिथली माणसं असतात, ऑफिसातून सुटलेली, हातमोज्यांत कप धरून उभी राहून गप्पा मारणारी, आज्या नातवंडांना घेऊन झाडावर लावायच्या गवताच्या चांदण्या निवडतायत. ती लगबग बघायला आपण एवढ्या लांब जातो ना.

---

वसईची_लेक

मुक्ता, तुझं "वाट बघण्याचा बाजार" वाचून फार बरं वाटलं. आम्ही त्याला आगमनकाळ म्हणतो, वसईत आमच्या घरी चार मेणबत्त्यांचं चक्र असतं, दर रविवारी एक वाढवायची. नाताळ म्हणजे २५ ची पार्टी एवढंच लोकांना माहीत असतं, आधीचे चार आठवडे कोणाला दिसत नाहीत.

मी २०२३ ला भावाकडे कोलोनला होते, १५ ते २८. मुद्दाम नाताळला तिथे राहायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा, २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात ती थेट २७ ला उघडतात, मधे रविवार आला तर अजून लांबतं. किराणा २३ लाच भरा. भावाने सांगितलं नसतं तर आम्ही तीन दिवस स्टेशनवरच्या सँडविचवर काढले असते. पण २४ च्या रात्रीची मिस्सा, ती शांतता, रस्त्यात एक गाडी नाही, चर्चमध्ये फक्त मेणबत्त्या आणि शेवटी सगळे उभे राहून गातात, मला भाषा कळत नव्हती तरी चाल ओळखीची होती. मी मराठीत गायले हळूच.

तू बामबर्गला गेलीस म्हणालीस, तिथले गोठे, म्हणजे येशूच्या जन्माचे देखावे, बघितलेस का?

---

मुक्ता_पुणे

@वसईची_लेक, किती सुंदर लिहिलंस. हो, बघितले! बामबर्गमध्ये गोठ्यांची वाटच आखलेली आहे, चर्चमधून, संग्रहालयांमधून चालत बघत जायचं, बऱ्याच ठिकाणी पैसे नाहीत. एका चर्चमध्ये गोठ्यात अजून बाळ ठेवलेलं नव्हतं, गव्हाणीत नुसतं गवत. आईने विचारलं बाळ कुठाय, तिथल्या बाईंनी खुणेने सांगितलं, अजून यायचंय. आई म्हणाली, पाळणा मांडून ठेवलाय म्हणजे. आपल्याकडे रामनवमीला, गोकुळाष्टमीला असतो तसा.

---

रेवा_ठाणे

मला ड्रेस्डेनचं खूप ऐकून आहे, सगळ्यात जुनं तेच ना? शिवाय स्ट्रासबुर्गही करायचंय, कोलमारही, व्हिएन्नाही. १० दिवसांत ६ शहरं बसतील का?

---

डोंबिवलीकर_इन_स्टुटगार्ट

बसतील, पण निम्मा वेळ गाडीत जाईल आणि चौथ्या बाजारापासून सगळं सारखं दिसायला लागेल. दोन मुक्काम करा, फार तर तीन.

ड्रेस्डेनचा श्ट्रिट्सलमार्क्ट १४३४ पासूनचा. तिथे श्टोलन खायचा, म्हणजे मनुका-बदामाचा लोण्यात माखलेला केक, वरून पिठीसाखर, आठवडे टिकतो तेव्हा घरी न्यायला उत्तम. जवळच्या एर्त्सगेबिर्गं डोंगरातली लाकडी कामं तिथे मिळतात, मेणबत्तीच्या उष्णतेने फिरणारे मनोरे वगैरे, महाग आहेत पण हाताने केलेले. आणि हर्नहूटचा कागदी तारा बघा, आपल्या आकाशकंदिलाचाच भाऊ. तिथून प्राग अडीच तासांवर.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा १५७० पासूनचा, डिसेंबरात हॉटेलचे भाव डोळे फिरवतात. उपाय म्हणजे ऱ्हाइन नदीच्या अलीकडे केल म्हणून जर्मन गाव आहे तिथे राहा, पूल ओलांडून ट्राम सरळ स्ट्रासबुर्गात जाते. पासपोर्ट जवळ ठेवा, आणि मोठ्या बॅगा नेऊ नका, मार्केटच्या तोंडाशी तपासतात. कोलमार तिथून लोकलने अर्धा तास.

---

खवय्या_सातारा

धन्यवाद दोघांनाही. शेवटचा प्रश्न, आई-बाबा ६५ च्या पुढचे आहेत, थंडी झेपेल का? आणि रोख न्यायची की कार्ड?

---

मुक्ता_पुणे

थंडी अंगाला नाही लागत हो, पायाला लागते. आम्हाला ३-४ डिग्री होतं, अंगात थर्मल आणि वर जाकीट असलं की पुरतं, पण दगडी फरशीवर तासभर उभं राहिलं की गारवा तळव्यातून चढतो. आईला पहिल्या दिवशी स्पोर्ट्स शूज घातले आणि तासाभरात ती म्हणाली, बोटं आहेत की गेली कळत नाहीये. दुसऱ्या दिवशी जाड सोलचे, एक नंबर मोठे बूट घेतले, आत लोकरीचे मोजे, आणि पुढे त्रास नाही. हे बूट पुण्यातूनच घेऊन जा, तिथे घाईत घेतले त्याचे दुप्पट पडले. फरशी ओबडधोबड असते, गुडघे दुखत असतील तर काठी न्या. एक तास बाजार, अर्धा तास कुठल्यातरी चर्चमध्ये बसायचं, परत एक तास, असं आम्ही केलं. चर्चमध्ये शांत बसून राहिलं तर कोणी काही म्हणत नाही.

टॉयलेटला सुटे लागतात, ५० सेंट ते १ युरो, नाणी खिशात वेगळी ठेवा. बऱ्याच स्टॉलवर रोखच चालते, तेव्हा रोज माणशी २५-३० युरो रोख, बाकी कार्ड. कार्डाच्या मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो दाबा, रुपये दाबलं की भाव वाईट लावतात.

खरेदीला न्यूरेनबर्गात लेबकुखन घ्या, एलिझन म्हणतात ती जात, त्यात मैदा जेमतेम, बाकी बदाम-अक्रोड, मात्र अंडं असतं. बेकरीवाले तुटलेल्यांची पिशवी वेगळी विकतात, चव तीच, भाव कमी. आणि सुकवलेल्या आलुबुखारचे छोटे बाहुले मिळतात, डोकं अक्रोडाचं, घरात असले की पैसा संपत नाही म्हणतात. आईने एक आणलाय. एका आजींच्या स्टॉलवर तिने वीस मिनिटं घालवली, प्रत्येकाचा चेहरा वेगळा रंगवलेला, शेवटी डोक्याला पदर असल्यासारखी ओढणी बांधलेली बाई निवडली.

---

खवय्या_सातारा

बूट एक नंबर मोठे, लिहून घेतलं. ४ डिसेंबरची तिकिटं बघतोय.